तिच्या नावचे खाडे

बबितानं मोबाईल पुढं धरला तेव्हा आश्रुबानं चहा बशीत ओतला होता आणि पहिला घोट तेवढा घ्यायचा राहिला होता. बीडच्या कोर्टासमोरची टपरी, सकाळचे साडेदहा, काळे कोट, बगलेतल्या फायली, तारखेला आलेली गावोगावची माणसं, आणि त्या सगळ्या गलक्यात तिच्या तळहातावर एवढासा उजेड. तिनं तो दोन बोटांनी ताणून मोठा केला. बंकट मुकादमाच्या वहीचं पान होतं. निळ्या रेघा, कोपऱ्यात तेलाचा डाग, आणि तारखांपुढं लाल शाईनं एकच नाव खाली खाली उतरत गेलेलं. कडूबाई, खाडा. कडूबाई, खाडा. वकीलबाईंच्या हाताखालच्या पोरीनं अशी सगळी पानं काल संध्याकाळी पाठवली होती आणि बबितानं मोजूनही ठेवलं होतं. तीन हंगामांत एकतीस. "बा," ती म्हणाली, "मायला एवढं दुखायचं? एकतीस दिवस? आन् मला कुणी बोललं बी न्हाई." आश्रुबानं बशी तशीच बाकड्यावर ठेवली. चहावर साय धरत होती. तो त्या सायीकडं बघत राहिला. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि जे बोलायला पाहिजे होतं ते सोडून बाकी सगळं तोंडात येत होतं.

खाडा म्हणजे तशी साधी गोष्ट. शाळेत गैरहजेरी लागते, ऑफिसात रजा लागते, उसाच्या फडात खाडा लागतो. फरक एवढाच, की रजा मागून मिळते आणि खाडा भरून द्यावा लागतो. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, चुलीवर भाकरी दोघांच्या, दुखणी दोघांची वेगवेगळी, पण धंद्याच्या बोलीत नग एक. त्यातलं एक जरी मागं राहिलं तरी कोयता मोडला, खाडा पडला, आणि त्या दिवसाचे आधी पाचशे, मग सातशे, शेवटच्या हंगामात तर हजार रुपये मुकादम कापून घेणार. दिवसभर दोघांनी राबून पदरात पडायचं त्याहून न राबलेला दिवस महाग. काम केलं तर वेळ मातीमोल, न केलं तर सोन्याच्या मोलाचा. आश्रुबाला ह्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. ऊन कडक असतं, पाणी ओलं असतं, तसा खाडा असतो. वावगं आता वाटत होतं, ह्या लाल शाईत तिचं नाव एकाखाली एक बघून, जणू कुणी भिंतीवर रेघोट्या ओढून दिवस काढले होते.

कडूबाईला जाऊन दोन वर्षं होत आली. हंगाम संपवून गावाकडं परत येताना ट्रक मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबला, ती पाण्याची कळशी घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि एका पांढऱ्या गाडीनं तिला उडवलं. गाडीवाला पळाला नाही. शिकलेला, मोठ्या पगाराचा माणूस. त्यानंच तिला उचलून दवाखान्यात नेलं. पोलिसांना त्यानं सांगितलं की विमान गाठायचं होतं, दहा मिनिटं वाचवायला गेलो. ते आश्रुबाच्या डोक्यात रुतून बसलं होतं. दहा मिनिटं वाचवायची म्हणजे कशी, आणि वाचलेली ठेवायची कुठं. पंचनाम्यात मयताचा व्यवसाय लिहिला होता : घरकाम. बबिता बीडमध्ये रक्त तपासायच्या लॅबच्या काउंटरवर असते, कागद वाचायची तिला सवय. त्या शब्दावर तिचं बोट अडलं ते अडलंच. सहा महिने फडात राबलेल्या बाईला ह्यांनी घरकाम लिहिलं. नुकसानभरपाईच्या दाव्याचं सगळं तिनंच चालवलं. पैसे नको असं ती म्हणत नव्हती, बार्शी नाक्याच्या एका खोलीत बापलेक राहतात, पैसे कुणाला नको असतात. पण तिला खरं हवं होतं ते कोर्टाच्या शिक्क्यानिशी एक ओळ, की माझी माय कमावती होती.

आणि तिथंच सगळं अडलं होतं. पावती कोयत्याची, आणि कोयता आश्रुबाच्या नावावर. वकीलबाई सत्यभामाताईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, की मेलेल्या माणसाच्या वेळेची किंमत कोर्ट त्याच्या कमाईवरून काढतं. तो गाडीवाला गेला असता तर त्याच्या पगाराची चिठ्ठी लावली असती आणि गणित पाच मिनिटांत सुटलं असतं. तुमच्या मालकिणीच्या नावानं चिठ्ठी आणा. आता अशी चिठ्ठी कुठून आणायची? तीस वर्षं तिचं नाव कुठल्या कागदावर होतं? बबिता बंकट मुकादमाच्या दारी चार खेटे घालून आली, आणि पाचव्या खेपेला त्यानं वैतागून तीन हंगामांच्या वह्या तिच्यापुढं टाकल्या, घे बाई, तुझी माय ह्यात कुठं सापडती का बघ. माय सापडली. जिथं जिथं ती कामाला आली नव्हती, तिथं तिथं तिचं नाव होतं. वकीलबाईंना केवढा आनंद झाला. खाडा पडतो म्हणजे माणूस कामावर असतं, नसलेल्या माणसाची गैरहजेरी कोण लावील? त्यांनी वह्या दाखल करून टाकल्या. एकतीस हा आकडा मोठा आहे हे त्यांना नंतर सुचलं.

त्या आता टपरीकडंच आल्या, कोटाची बटणं लावत. विमा कंपनीचे वकील आज त्याच पानांवर येणार, असं त्यांनी सांगितलं. बाई सारखी आजारी होती, आणखी किती वर्षं काम केलं असतं, असं म्हणतील आणि आकडा खाली ओढतील. म्हणून उत्तर तयार ठेवा. अंबाजोगाईकडची मायाळू बाई, पण घड्याळाकडं बघत बोलायची सवय. "लग्नकार्य म्हणा, माहेरी गेलती म्हणा, सणवार म्हणा. दुखणं म्हणू नका. खोटं बोला असं मी सांगत नाही, तुम्हाला जे आठवतंय तेच सांगा, पण आठवतंय काय ते आत्ताच ठरवा." आश्रुबानं मान डोलावली. त्याला सगळं आठवत होतं. तीच तर अडचण होती.

कारण त्या एकतीस दिवसांत कडूबाईला काही झालं नव्हतं. ती माहेरी गेली नव्हती, लग्नाला गेली नव्हती. ती फडात होती. नव्हता तो आश्रुबा. आश्रुबा कीर्तनाला गेलता.

हे कुणाला सांगून कळायचं नाही. ज्यानं मृदंगावर पहिली थाप पडताना ऐकली नाही, ज्याच्या अंगावरून टाळांची लाट गेली नाही, त्याला काय सांगणार? आश्रुबाचा गळा बापाकडून आलेला, चढा आणि लांब पल्ल्याचा. कारखान्याच्या मुलखात गेलं की पहिल्या आठवड्यात त्याला कळायचं कुठल्या गावात सप्ताह बसणार आहे. सायकल मिळाली तर सायकल, नाहीतर पायी. तिथं तो ऊसतोड्या नसायचा. महाराज अभंगाचं पहिलं चरण म्हणून थांबायचे, मागं बघायचे, आणि म्हणायचे, घ्या बीडकर बुवा. आणि तो घ्यायचा. वरच्या सुरात चाल लावून खाली सोडायचा, पन्नास टाळकरी त्याच्यामागं पावली टाकायचे, आणि त्या घडीला त्याला वाटायचं की आपल्या जन्माची काही किंमत आहे. सकाळचा काकडा, दुपारचा पाठ, संध्याकाळचा हरिपाठ, मग कीर्तन. सप्ताहात घड्याळ नसतं, वेळ वाहत्या पाण्यासारखा फुकट असतो असं त्याला वाटायचं. महाराजांच्या दोन तासांची बिदागी किती, तारीख मिळवायला गावकरी वर्षभर आधी कसे हात जोडतात, हे त्याला ठाऊक होतं, पण ते त्यानं कधी कशाला ताडून बघितलं नव्हतं. आज टपरीवर ते आपसूक डोक्यात आलं. दोन तासांत एका कोयत्याचा एक महिना. त्यानं जीभ चावली. संतांच्या दारी असा हिशेब मांडणं पाप. पण हिशेब एकदा डोक्यात शिरला की डोकं झटकून पडत नाही, उसाच्या कुसळासारखा गळ्याखाली उतरतो आणि टोचत बसतो.

बंकटच्या टोळीतला पहिला खाडा त्याला लख्ख आठवत होता. काल्याचं कीर्तन होतं, दिवसाउजेडी. तो सकाळीच निघाला आणि बंकट आडवा आला. बंकट तोंडाचा फाटका, पण मनाचा तेवढा वाईट नव्हता. त्यानं वही उघडली, पेन काढलं, आणि थांबला. म्हणाला, "गळ्यात माळ हाय तुह्या, तुह्या नावावर खाडा लिवला तर टोळीतली सारी हसतील बे. बुवा देवाला गेले आन् कोयता मोडून आले. पुढल्या साली तुला मोडका कोयता म्हणून कोण आगाऊ उचल देईल? बाईच्या नावावर टाकतो. बाईमाणसाला खाडा कावून पडला ते कुणी इचारत न्हाई." टोळीत रीतच होती ती. दारू पिऊन पडलेल्याचा खाडा बायकोच्या नावावर, पत्त्यात बसलेल्याचा बायकोच्या नावावर. मग हरिनामाला गेलेल्याचा का नको? कडूबाई दगडावर कोयत्याला धार लावत होती. तिनं वर न बघता म्हटलं होतं, "लिवा की माझ्या नावावर. नाव कुठं झिजतंय." आणि हसली होती. ते हसणं त्यानं त्या दिवशी परवानगी म्हणून घेतलं आणि पुढं तीस वेळा ती पुन्हा मागितलीही नाही.

तो गेल्यावर ती फडात शिरायची. एकटीचं काम धरत नाहीत, खाडा तर पडलेलाच असायचा, पण तोडून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तेवढंच हलकं. बुडाशी वाकून घाव घालायचा, पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं, मोळी बांधायची. दोघं असली की तो तोडायचा आणि ती सोलून बांधायची. एकटी असली की सगळं तीच. दुसऱ्या दिवशी तो यायचा, डोळे तांबारलेले, कानात टाळ वाजत असलेले, आणि मोळ्या ट्रकवर चढवायचा. ती विचारायची, काल काय सांगितलं महाराजांनी? तो फळीवरून चढता-उतरता एखादं आख्यान सांगायचा. देव कसा भक्ताच्या घरी राबतो, दळू लागतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो. ती ऐकायची. एकदा म्हणाली होती, असा देव मिळाला तर बरं, सोलायला तरी लावीन त्याला. सगळी हसली होती. तोही हसला होता. तिच्यासाठी फडात कुणी यायचंच असतं, तर ज्यानं यायचं तो तिथून चार कोसांवर टाळ घेऊन उभा होता. हे त्याला तेव्हा सुचलं नाही, आज कोर्टाच्या पायऱ्या चढताना सुचलं, आणि त्यानं कठडा धरला.

"बा, चक्कर येती का?" बबितानं विचारलं. तो न्हाई म्हणाला. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, आणि तो ज्या मंगल कार्यालयात राखणदारी करतो तिथं त्याचा आजचा रोज बुडणार होता. बाकावर शेजारी एक कारखान्याचे साहेब बसले होते, दुसऱ्या कुठल्या दाव्यात कागद घेऊन आलेले. येण्याजाण्याचं भाडं आणि भत्ता मिळूनही ते चिडले होते. माझा अख्खा दिवस गेला, असं ते फोनवर तिसऱ्यांदा सांगत होते, आणि ज्या जोरानं सांगत होते त्यावरून कळत होतं की त्यांचा दिवस म्हणजे काहीतरी भरीव वस्तू आहे, हरवली तर शोधायला माणसं लागतात. आश्रुबाला कधी असं म्हणता आलं असतं का, माझा दिवस गेला? कडूबाईला तर हे वाक्य परक्या बोलीतलं वाटलं असतं. तिचा दिवस म्हणजे काय? पहाटे तीनला चूल, मग फड, मग पुन्हा चूल. त्यातला कुठला तुकडा तिचा होता? त्यानं शोधून पाहिला. बाभळीखाली भाकरी खाऊन झाल्यावर ती पदर तोंडावर घेऊन थोडी आडवी व्हायची. तेवढाच. आणि त्यातही तोच तिला हाक मारायचा, ऊठ बबीची माय, गाडी आली.

पुकारा झाला. आत गेल्यावर शपथ घ्यायला लावली, मग नाव, वय, धंदा. मयताचं नाव विचारलं तेव्हा त्याची जीभ अडली; तिचं नाव त्यानं लग्नात घास भरवताना घेतलं होतं, त्यानंतर घेतल्याचं आठवत नव्हतं. कडूबाई, तो म्हणाला, आणि मागच्या बाकावर बसलेल्या बबितानं मान वर केली. विमा कंपनीचे वकील पिकलेल्या केसांचे, सौम्य आवाजाचे. त्यांनी आधी त्याला पाणी हवं का विचारलं. मग वही उघडली, तारखा वाचल्या, सगळ्या नाही, सात-आठ. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "ह्या वहीवरून मयत वरचेवर कामावर गैरहजर राहत होती, हे खरं आहे का?"

माहेर, लग्न, सणवार. तिन्ही शब्द ओठाशी येऊन उभे राहिले. वकीलबाई त्याच्याकडं बघत होत्या, बबिता बघत होती. पोरीला वाटत होतं माय दुखणाईत होती आणि बापानं ते लपवलं. तसं वाटू दिलं असतं तरी चाललं असतं. आकडा थोडा खाली आला असता, ओळ तर मिळालीच असती. मेलेलं माणूस उठून खोटं म्हणत नाही. तिनंच तर म्हटलं होतं, नाव कुठं झिजतंय. त्याला एकाएकी वाटलं की ते झिजलंय, एकतीस ठिकाणी झिजून आता त्याच्यातून पलीकडचं दिसतंय.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग हे खाडे कुणाचे?"

"माझे. मी कीर्तनाला गेलतो."

कुणीतरी दबकं हसलं. न्यायाधीशांनी पहिल्यांदाच कागदावरून नजर उचलली आणि विचारलं की मग त्या दिवशी मयत कुठं होती. फडात, साहेब. एकटी? एकटी. वकिलांनी तितक्याच सौम्यपणे विचारलं, एकट्या बाईला कोयता धरतात का? न्हाई धरत. मग तिनं तोडलेल्या उसाचं काय व्हायचं? दुसऱ्या दिवशी गाडीत जायचा. कुणाच्या नावावर? आश्रुबानं दोन्ही हातांनी साक्षीच्या पिंजऱ्याचं लाकूड धरलं. "माझ्या," तो म्हणाला, आणि मग कुणी न विचारता, "खाडा तिच्या नावावर, ऊस माझ्या नावावर." टायपिस्टनं हे लिहू का म्हणून न्यायाधीशांकडं बघितलं. ते लिहा म्हणाले.

सत्यभामाताई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथं काहीतरी लकाकलं होतं. पडतं घर सावरायला एखादा टेकू मिळावा तसं त्यांना ते मिळालं होतं : एकटी राबत होती, म्हणजे एकटीची कमाई दाखवता येईल. त्यांनी फेरतपासणीची परवानगी मागितली आणि विचारलं, ती एकटी दिवसाला किती ऊस तोडायची? अर्धा टन? पाऊण? किती मोळ्या व्हायच्या? न्यायाधीश म्हणाले, नीट आठवून सांगा, अंदाजे चालेल, त्यावर बरंच अवलंबून आहे. आश्रुबानं डोळे मिटले. फड दिसला. पहाटेचं धुकं, पाचटाचा ओला वास, आडव्या पडलेल्या मोळ्या. त्यानं त्या डोक्यावर घेतल्या होत्या, मानेला त्यांचं वजन अजून ठाऊक होतं, तिच्या गाठी कशा घट्ट असायच्या तेही बोटांना ठाऊक होतं. तो मोजायला लागला. एक, दोन, चार. पण मोळ्या धुक्यात सरकत होत्या, आदल्या दिवशीच्या आणि त्या दिवशीच्या एकमेकींत मिसळत होत्या, आणि कानात टाळ वाजत होते, तेव्हाही वाजत होते, म्हणून तेव्हाही त्यानं मोजल्या नव्हत्या. कुठलाही आकडा चालला असता. वीस म्हटलं असतं तर वीस, तीस म्हटलं असतं तर तीस. पण नुकतंच एक खरं बोलून झालं होतं आणि त्याच्यापुढं लगेच खोटं उभं राहीना.

"उचलल्या," तो म्हणाला. "मोजल्या न्हाईत. मी तिथं नव्हतो."

आणखी कुणी पाहिलं होतं का? जो तो आपापल्या सरीत वाकलेला, साहेब. पाहणारं कुणी नव्हतं. साक्षीदार प्रमाण सांगू शकत नाही, असं न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, आणि कळांचा आवाज झाला तेवढ्या वेळात ते संपलं. त्यानं सांगितलेल्या जागी सही केली. बाहेर वऱ्हांड्यात वकीलबाईंनी त्याला बाजूला घेतलं. ओरडल्या नाहीत. आता एकतर घरकामाचा ठरलेला आकडा धरतील नाहीतर थोडं वर, बघू, असं म्हणाल्या, आणि खालच्या आवाजात, "कावून बोललात हो?" असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढच्या कामाला गेल्या.

बबिता खांबाशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर त्याला सोपं गेलं असतं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, काहीतरी मनात जुळवत होती, लॅबमध्ये दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून जुळवतात तसं. खाली आवारात कुणाची तरी गाडी उलटी घेताना एकसारखी पिपाणी वाजत होती. तिनं ती थांबू दिली.

"मायला कीर्तन आवडायचं न्हाई का, बा?"

"आवडायचं. लई."

"एकदा बी आली न्हाई?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"पण एक राहिलं काय आन् दोघं राहिली काय," ती सावकाश म्हणाली, "खाडा तर कोयत्याला एकच पडतो ना?"

आश्रुबा तिच्याकडं बघत राहिला. तीस वर्षं ज्या धंद्यात गेली त्याचा हा पहिला पाठ, पोराटोरांनाही माहीत असलेला. एकाचा खाडा तेवढाच, दोघांचा खाडा तेवढाच. एका रुपयाचा फरक नाही. ती सायकलवर मागं बसली असती. बायांच्या बाजूला, मांडवाच्या कडेला, पदर डोक्यावर घेऊन बसली असती. एकतीस वेळा.

"एकच," तो म्हणाला.